आकडे पक्के, अहवाल फसलेला: सेमेलवाइसच्या कामाचं प्रकरण

संशोधन अहवाल कसा लिहावा हे शिकवताना बहुतेक जण एखाद्या उत्तम शोधनिबंधाचा नमुना पुढे ठेवतात. मला उलटा नमुना जास्त उपयोगी वाटतो. नोंदी पक्क्या, निष्कर्ष बरोबर, आणि तरीही अहवाल फसलेला, असं एखादं प्रकरण. इग्नाझ सेमेलवाइसचं काम नेमकं तसं आहे. डॉक्टरांना हात धुवायला सांगणारा आणि कोणी न ऐकलेला माणूस, एवढी त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. डेटा सायन्स शिकणाऱ्या मुलांनी त्याचे तक्ते सरावासाठी वापरलेलेही असतात. पण त्याने हे सगळं कागदावर कसं उतरवलं, कधी उतरवलं, यात कोणी फारसं शिरत नाही. इथे तेच करायचं आहे.

पार्श्वभूमी

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातल्या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. १८४० च्या अखेरीपासून पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणींचं प्रशिक्षण चाले. बाई कुठल्या विभागात जाणार हे ती कोणत्या दिवशी आली यावर ठरे. म्हणजे वाटणी आजार पाहून होत नव्हती, ऐपत पाहूनही नव्हती. आज असा योग जुळवायला संशोधकांना परवानग्यांचे ढीग उपसावे लागतात; तिथे तो रुग्णालयाच्या वेळापत्रकामुळे आपोआप जुळून आला होता.

१८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणं झाली आणि १,९८९ बायका दगावल्या. म्हणजे ९.९ टक्के. दुसऱ्या विभागात १७,७९१ पैकी ६९१, म्हणजे ३.९ टक्के. बहुतेक मृत्यू बाळंतरोगाचे, वैद्यकाच्या भाषेत सूतिकाज्वराचे. शहरातल्या बायकांना हा फरक कोणत्याही तक्त्याशिवाय ठाऊक होता. पहिल्या विभागात नको म्हणून त्या रडत, विनवण्या करत. वाटेतच बाळंत होऊन आलेल्या बायका आत बाळंत झालेल्यांपेक्षा कमी आजारी पडत, हेही दिसत होतं.

सेमेलवाइस जुलै १८४६ मध्ये पहिल्या विभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचा सहायक झाला. त्याने एकेक कारण घेऊन पडताळलं. गर्दी? ती दुसऱ्या विभागात जास्त होती. हवा? दोन्ही विभाग एकाच आवारात होते. पाठीवर निजवून बाळंतपण करण्याची पद्धत? दुसऱ्या विभागासारखं कुशीवर निजवून पाहिलं, काही फरक नाही. शेवटचा संस्कार करायला येणाऱ्या पाद्र्याच्या घंटेची भीती? घंटा बंद करून पाहिली, तरी मृत्यू तेवढेच. मग मार्च १८४७ मध्ये त्याचे सहकारी याकोब कोलेचका शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या सुरीने बोट कापून वारले. त्यांच्या शवात जे बदल दिसले ते बाळंतिणींच्या शवांत दिसणाऱ्या बदलांसारखेच होते. विद्यार्थी आणि डॉक्टर शवागारातून थेट प्रसूतिगृहात येत; सुईणी शवविच्छेदन करत नसत. धागा जुळला. मे १८४७ च्या मध्यापासून त्याने पहिल्या विभागात तपासणीआधी क्लोरीनच्या पाण्याने, पुढे स्वस्त पडतं म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने, हात धुणं सक्तीचं केलं.

एप्रिलमध्ये ३१२ बाळंतपणांत ५७ मृत्यू झाले होते. जूनमध्ये २६८ मध्ये ६. जुलैमध्ये २५० मध्ये ३.

इथवर संशोधन झालं. आता अहवालाकडे वळू.

अकरा वर्षांचं मौन

सेमेलवाइसने लिहिलं नाही. १८४७ मध्ये नाही, १८४८ मध्ये नाही, पुढची बरीच वर्षं नाही. पहिली बातमी छापली ती त्याचे मित्र फर्डिनांड हेब्रा यांनी. ते व्हिएन्नाच्या वैद्यक मंडळाच्या नियतकालिकाचे संपादक होते. डिसेंबर १८४७ मध्ये एक छोटं टिपण, एप्रिल १८४८ मध्ये दुसरं. हेब्रांनी या शोधाची तुलना थेट जेन्नरच्या देवीच्या लशीशी केली आणि इतर प्रसूतिगृहांनी हा प्रयोग करून पाहावा असं आवाहन केलं. व्हिएन्नातले वैद्य योझेफ श्कोडा यांनी १८४९ मध्ये विज्ञान अकादमीत भाषण दिलं. लंडनमध्ये राउथ नावाच्या डॉक्टरने निबंध वाचला. काही ठिकाणी नुसती पत्रं गेली.

म्हणजे मूळ संशोधक सोडून बाकी सगळे लिहीत होते. त्याचा परिणाम दोन ठिकाणी स्पष्ट दिसतो. एडिनबरोचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्पसन यांना पत्र पोचलं तेव्हा त्यांना यात नवं काहीच दिसलं नाही. सूतिकाज्वर एकीकडून दुसरीकडे लागतो हे ब्रिटनमधले डॉक्टर आधीपासून म्हणत होते, हाही त्यातलाच प्रकार, असं त्यांनी वाचलं. सेमेलवाइसचं म्हणणं वेगळं होतं. देवीसारखा हा रोग केवळ त्याच रोगाच्या रुग्णाकडून येतो असं नव्हे, तर सडलेला कोणताही सेंद्रिय अंश जखमेत गेला की तो उद्भवतो, हा त्याचा दावा. दुसरीकडे कोपनहेगनचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल लेव्ही यांनी १८४८ मध्ये टीका छापली, तीही पत्रातून हाती आलेल्या माहितीवर. मतं पुरेशी स्पष्ट नाहीत, निरीक्षणं पुरेशी काटेकोर नाहीत, असा तिचा रोख. लेव्ही चुकले हे आज आपण सहज म्हणतो. पण त्यांच्या टेबलावर जे होतं ते पाहता त्यांनी आणखी काय म्हणायला हवं होतं? पद्धती कुठे लिहिलेली नव्हती, तक्ता पूर्ण नव्हता, व्याख्या नव्हती. परीक्षक तेवढ्यावरच बोलणार.

दाव्याची व्याप्ती हा तर कळीचा मुद्दा. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाची, स्राव वाहत असलेली एक रुग्ण पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून डॉक्टर तसेच पुढच्या खाटांकडे गेले. तिच्यानंतर तपासलेल्या बारा बाळंतिणींपैकी अकरा वारल्या. इथे शव कुठेच नव्हतं. यावरून सेमेलवाइसने आपला सिद्धांत रुंदावला: जिवंत शरीरातला सडका स्रावही पुरतो, म्हणून हात फक्त शवागारातून आल्यावर नव्हे, प्रत्येक तपासणीआधी धुवायचे. पण बाहेर गाजला तो 'शवकण' हा आखूड दावा. मग ज्या गावात शवविच्छेदन होतच नाही तिथले डॉक्टर म्हणाले, आमच्याकडेही बायका मरतात, तेव्हा हे खोटं. आपला दावा किती आणि कुठवर, हे लेखकाने स्वतः पहिल्याच पानावर लिहिलं नाही, तर वाचक आपापल्या सोयीने लिहून घेतो.

सेमेलवाइस १८५० मध्ये व्हिएन्नाच्या मंडळापुढे बोलला आणि त्याच वर्षी शहर सोडून पेस्टला (आजच्या बुडापेस्टचा भाग) गेला. तिथल्या रुग्णालयातही हात धुण्याचा नियम लावला. ९३३ बाळंतपणांत ८ मृत्यू अशी तिथली नोंद आहे. हंगेरियन भाषेत त्याचे लेख आले ते १८५८ मध्ये. जर्मन पुस्तकावर साल आहे १८६१. उशिराचं कारण त्याने प्रस्तावनेत दिलं आहे: लिहिणं म्हणून जे काही आहे त्याची आपल्याला जन्मजात नावड आहे. प्रबंध सादर करायची मुदत उलटून गेलेल्या कोणालाही हे वाक्य जवळचं वाटेल.

पुस्तक हातात घेतल्यावर

पाचशेहून जास्त पानं. शीर्षकात सूतिकाज्वराचं कारण, स्वरूप आणि प्रतिबंध हे तीन शब्द आहेत. कुठे, कोणावर, किती काळ, कशाची तुलना, यातलं काहीही नाही.

सुरुवात आत्मकथनाने होते. मी कसा नेमलो गेलो, कसा काढला गेलो, व्हेनिसला का गेलो, परत आल्यावर कोलेचकांची बातमी कशी कळली. मला हा भाग वाचायला आवडतो, यात शंका नाही. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचे शिक्षक याच भागावरून 'गृहीतक कसं पडताळावं' हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आले आहेत. पण १८६१ मधला धावपळीतला प्रसूतितज्ज्ञ काय शोधत असेल? किती मेल्या, काय बदललं, मग किती मेल्या. ते सापडतं, पण तक्ते कथनात, कथन वादात आणि वाद तक्त्यांत गुंतलेला. एकच मुद्दा दहा ठिकाणी येतो. उत्तरार्धाचा मोठा भाग टीकाकारांना उत्तरं देण्यात जातो. त्यांची पत्रं आणि उतारे लांबच्या लांब, आणि त्यांवर ओळीओळीने प्रतिवाद. १९८३ मध्ये इंग्रजीत भाषांतर झालं तेव्हा हा वादाचा भाग बराच छाटावा लागला.

न्यायाने बोलायचं तर प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणं, चर्चा हा आजचा साचा तेव्हा रूढ नव्हता. तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र बसला. वैद्यक नियतकालिकांचे संपादक व्हँकुव्हरला जमून हस्तलिखितांचे समान नियम ठरवू लागले तेही १९७८ मध्ये. तेव्हा सेमेलवाइसने साचा मोडला असा आरोप करता येत नाही. पण हा साचा कशासाठी जन्मला हे समजायला त्याचं पुस्तक उत्तम आहे. ज्याला फक्त आकडे हवेत त्याला आकड्यांपाशी जाता यावं, ज्याला पद्धतीवर शंका आहे त्याला पद्धतीपाशी, आणि लेखकाचं मत कुठे सुरू होतं ते दोघांनाही दिसावं.

तोच मजकूर दोन पानांत बसवायचा तर

समजा १८४९ च्या सुरुवातीला त्याने छोटा अहवाल लिहिला असता. हाताशी १८४८ चे पूर्ण वर्षाचे आकडे होते. मी मजकूर असा मांडेन.

शीर्षक: 'तपासणीपूर्वी क्लोरीनने हात धुणे आणि सूतिकाज्वराने होणारे मृत्यू: व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहातील दोन विभागांची तुलना, १८४१–१८४८'. लांब आहे, पण हस्तक्षेप, परिणाम, ठिकाण, रचना आणि काळ पाचही त्यात आहेत. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी २००७ मध्ये आलेली 'स्ट्रोब' ही बावीस मुद्द्यांची तपासणी-यादी पहिल्याच मुद्द्यात सांगते की अभ्यासाची रचना शीर्षकात किंवा गोषवाऱ्यात दिसली पाहिजे.

गोषवारा साधारण असा:

'या प्रसूतिगृहाच्या पहिल्या (विद्यार्थी) विभागातील मृत्यूंचे प्रमाण दुसऱ्या (सुईण) विभागापेक्षा १८४१ ते १८४६ सातत्याने अधिक होते. पहिल्या विभागातील डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करतात, सुईणी करत नाहीत. हातांना चिकटलेले सडके सेंद्रिय द्रव्य हे या फरकाचे कारण असावे, असे गृहीतक धरून मे १८४७ पासून पहिल्या विभागात तपासणीपूर्वी क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ४,०१० पैकी ४५९ (११.४ टक्के) व दुसऱ्यात ३,७५४ पैकी १०५ (२.८ टक्के) मृत्यू झाले होते. १८४८ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ३,५५६ पैकी ४५ (१.३ टक्के) व ३,२१९ पैकी ४३ (१.३ टक्के) होते. दोन विभागांतील फरक उरला नाही. हे द्रव्य शवातूनच नव्हे, तर जिवंत रुग्णाच्या स्रावातूनही येऊ शकते, असे एका घटनेवरून दिसते.'

शंभरच्या आसपास शब्द आहेत. यातलं शेवटचं वाक्य सिम्पसन यांच्यासाठी आणि शवविच्छेदन न करणाऱ्या गावांसाठी आहे. ते गोषवाऱ्यात असायलाच हवं.

पद्धतीच्या भागात मी सर्वांत जास्त जागा एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टीला देईन: मृत्यू कुठे मोजला. पहिल्या विभागातल्या आजारी बाळंतिणी पुष्कळदा मुख्य रुग्णालयात हलवल्या जात. तिथे झालेला मृत्यू प्रसूतिगृहाच्या खात्यात पडत नसे. म्हणजे पहिल्या विभागाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. सेमेलवाइसला हे माहीत होतं आणि त्याने ते लिहिलंही, पण बऱ्याच पानांच्या पोटात. अशी गोष्ट व्याख्येत आधी येते: 'मृत्यू म्हणजे प्रसूतिगृहाच्या नोंदवहीतील मृत्यू, हलवलेल्या रुग्ण यात नाहीत.' मग क्लोरीनचं पाणी कोणतं, कधी बदललं, नियम कोणाला लागू, बाळंतपणाची संख्या हा छेद का घेतला, हे सगळं सरळ भूतकाळात. आपल्याकडच्या प्रबंधांत या भागात 'करण्यात आले, घेण्यात आले, पाहण्यात आले' यांची माळ लागते. कर्ता सांगायची गरज आहे तिथे ती माळ तोडावी. हात कोणी धुतले, मृत्यू कोणी नोंदले, हे इथे महत्त्वाचं आहे.

निरीक्षणांत मुख्य तक्ता एकच:

तक्ता १. दोन विभागांतील बाळंतपणे व माता-मृत्यू (निवडक वर्षे)

| वर्ष | पहिला विभाग: बाळंतपणे | मृत्यू | टक्के | दुसरा विभाग: बाळंतपणे | मृत्यू | टक्के |
|---|---|---|---|---|---|---|
| १८४४ | ३,१५७ | २६० | ८.२ | २,९५६ | ६८ | २.३ |
| १८४५ | ३,४९२ | २४१ | ६.९ | ३,२४१ | ६६ | २.० |
| १८४६ | ४,०१० | ४५९ | ११.४ | ३,७५४ | १०५ | २.८ |
| १८४८ | ३,५५६ | ४५ | १.३ | ३,२१९ | ४३ | १.३ |

प्रत्यक्ष अहवालात सगळी वर्षं द्यायची. इथे जागेसाठी चारच घेतली आहेत, आणि 'निवडक' हा शब्द शीर्षकात ठेवला आहे. तक्त्याचं शीर्षक वर आहे, एकेक दशांश स्थळ सगळीकडे सारखं आहे, आणि टक्क्यांशेजारी मूळ आकडेही आहेत. नुसते टक्के दिले की वाचकाला पडताळणी करता येत नाही. तक्त्याखालच्या मजकुरात तक्ता पुन्हा वाचून दाखवायचा नसतो. '१८४६ मध्ये दोन विभागांत ८.६ टक्केबिंदूंचा फरक होता. १८४८ मध्ये तो नाहीसा झाला' एवढं एक वाक्य बास.

टक्केबिंदू आणि टक्के यांची गल्लत इथे हमखास होते. ११.४ वरून १.३ म्हणजे दहा टक्केबिंदूंची घट. तीच सापेक्ष भाषेत ८९ टक्क्यांची घट. दोन्ही खरं आहे. पण 'मृत्यू ८९ टक्के कमी झाले' एवढंच गोषवाऱ्यात टाकून मूळ प्रमाण लपवणं हा जाहिरातवाल्यांचा मार्ग झाला.

आता अडचणीची जागा. १८४७ चे महिने. जानेवारीत ३११ मध्ये १०, फेब्रुवारीत ३१२ मध्ये ६, मार्चमध्ये ३०५ मध्ये ११. हात धुणं सुरू व्हायच्या आधीचे हे महिने आहेत आणि प्रमाण दोन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. मग एप्रिलमध्ये एकदम १८.३. आलेख एप्रिलपासून सुरू केला तर घट डोळे दिपवणारी दिसते. जानेवारीपासून काढला तर वाचक विचारतो, आधीही कमी होतंच की! शिवाय ज्या दुसऱ्या विभागात हस्तक्षेप नव्हता तिथेही १८४७ मध्ये ३,३०६ पैकी ३२, म्हणजे एक टक्क्यापेक्षाही कमी मृत्यू झाले. आदल्या वर्षी २.८ टक्के होते. ते वर्षच बरं होतं असं कोणी म्हणालं तर?

सेमेलवाइसकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं. त्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांची संख्या कमी केली होती आणि तेव्हा सेमेलवाइसच्या जागी असलेल्या सहायकाचं शवागारात जाणंही कमी होतं. मार्चअखेर तो स्वतः कामावर परतला, त्याचं शवविच्छेदन पुन्हा सुरू झालं आणि मृत्यू वाढले. आपल्या हातांनी किती जणी अकाली गेल्या ते देवच जाणे, असं त्याने या संदर्भात लिहून ठेवलं आहे. म्हणजे वरवर विरुद्ध जाणारा आकडा खरं तर त्याचा सर्वांत बळकट पुरावा होता. असा पुरावा चर्चेत स्वतंत्र परिच्छेद मागतो: आधी आक्षेप स्वतः मांडायचा, मग स्पष्टीकरण. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तक्त्यातच आहे. दोन्हीकडे प्रमाण घटलं हे मान्य, पण मुद्दा घटीचा नसून दोघांतली तफावत मिटण्याचा आहे. म्हणूनच मी गोषवाऱ्यात एप्रिल-जून न घेता १८४६ आणि १८४८ घेतले. मधलं वर्ष अर्धं असं, अर्धं तसं. जून ते डिसेंबर मिळून १,८४१ मध्ये ५६ मृत्यू, ३.० टक्के, ही ओळ खाली स्वतंत्र द्यायची.

ऑक्टोबरचा कर्करोगाच्या रुग्णाचा प्रसंग तक्त्यात दिसत नाही. त्या महिन्यात पहिल्या विभागात २७८ पैकी ११ मृत्यू नोंदले आहेत. हे तेच अकरा की त्यातले काही, हे नुसत्या बेरजेवरून सांगता येत नाही. त्यासाठी खाटवार नोंद हवी. असा प्रसंग निरीक्षणांत चार ओळींचं वेगळं वर्णन म्हणून यावा. तो तक्त्यात कोंबूही नये आणि किस्सा म्हणून चर्चेतही ढकलू नये.

मर्यादा लिहायला आपल्याकडे लोक कचरतात, किंवा 'वेळ व पैसा अपुरा होता' असं मोघम लिहून मोकळे होतात. इथे खऱ्या मर्यादा अशा आहेत: एकच रुग्णालय, हलवलेल्या रुग्णांची मोजणी नाही, नियम किती जणांनी खरोखर पाळला याची रोजची नोंद अहवालात नाही, आणि 'सडके द्रव्य' म्हणजे नेमकं काय हे दाखवणारा थेट पुरावा नाही. शेवटची मर्यादा त्याने मोकळेपणाने मान्य केली असती तर सिद्धांताशी भांडणाऱ्यांनाही हात धुवून पाहायला वाट मिळाली असती. कारण न पटताही उपाय करून पाहता येतो, पण तसं म्हणायची सोय अहवालाने ठेवावी लागते.

सूर

पुस्तकाला थंड प्रतिसाद मिळाल्यावर १८६१–६२ मध्ये त्याने नामवंत प्राध्यापकांना उद्देशून जाहीर पत्रं छापली. व्युर्झबुर्गच्या स्कान्झोनी यांना त्याने देवासमोर आणि जगासमोर खुनी ठरवलं. रोज मरणाऱ्या बायका डोळ्यांपुढे असताना त्याचा तोल गेला हे मी समजू शकतो. तरी त्या पत्रांनी एकही प्राध्यापक वळला असेल असं मला वाटत नाही. ज्याला चूक कबूल करायची आहे त्याला खुनाचीही कबुली द्यायला लावलं तर तो चूकही कबूल करणार नाही.

शास्त्रीय लेखनातला संयमी सूर अनेकांना कोरडा आणि ढोंगी वाटतो. 'असे दिसते', 'याच्याशी सुसंगत आहे' ही भाषा कचखाऊ वाटते. तिचा अतिरेक होतोही. पण प्रतिस्पर्ध्याला मागे फिरायला दार उघडं ठेवणं हा तिचा मोठा उपयोग आहे, आणि तो या पत्रांइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसतो.

फक्त लेखनामुळे फसलं का?

नाही. १८४८ ची क्रांती, व्हिएन्नातली विद्यापीठीय गटबाजी, क्लाइन यांचा विरोध, सहायकपदाची मुदत न वाढणं, डॉक्टरांच्याच हातांनी रोग पसरतो हे ऐकून घेण्याची नामुष्की, आणि जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता, हे सगळं होतंच. नीट लिहिलेला निबंध १८४८ मध्ये आला असता तर सगळं बदललं असतं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. कीलचे प्रसूतितज्ज्ञ मिखाएलिस यांनी केवळ ऐकीव माहितीवर उपाय करून पाहिला आणि त्यांना तो पटला; म्हणजे काहींना निबंधाची गरजही पडली नाही. पण लेव्ही आणि सिम्पसन यांच्यासारखे, विचारपूर्वक वाचणारे आणि दुसऱ्या देशातले वाचक हातचे गेले ते लेखनामुळे, एवढं मी ठामपणे म्हणेन. त्यांना व्हिएन्नाच्या राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं.

तुलनेला ग्लासगोचा शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर घ्यावा. १८६७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकात त्याचा लेख क्रमशः आला, कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक वापरून हाडमोडीच्या उघड्या जखमा बऱ्या करण्याविषयी. शीर्षकातच उपचाराची नवी पद्धत आणि कोणत्या जखमांवर ते आहे. रुग्ण अवघे अकरा. प्रत्येकाचं वय, इजा कशी झाली, पट्टी कशी बांधली, कधी बदलली, काय दिसलं, हे क्रमाने. एक रुग्ण दगावला, एकाचा पाय कापावा लागला. तेही लिहिलं आहे. संख्येत सेमेलवाइसचा पुरावा कितीतरी मोठा, आणि तुलनेसाठी शेजारचा विभागही होता. लिस्टरकडे तसं काहीच नव्हतं. लिस्टरवरही टीका झाली, भरपूर. पण ग्लासगोबाहेरच्या शल्यचिकित्सकाला तो लेख वाचून दुसऱ्या दिवशी तीच पट्टी बांधून पाहता येत होती.

वर्गात घेण्यासारखा सराव यातून निघतो. वरचा तक्ता आणि १८४७ चे महिने द्यायचे आणि सांगायचं, 'निरीक्षणे' हा भाग लिहा, दीडशे शब्दांत, 'चर्चा' नको. पहिल्याच वाक्यात बहुतेक जण 'हात धुतल्यामुळे मृत्यू घटले' असं लिहितात. त्यातलं 'धुतल्यामुळे' खोडून 'धुणे सुरू झाल्यानंतर' करायला लावलं की पुढचा तासभर वाद चालतो, आणि जानेवारी ते मार्चचे आकडे कोणी मुकाट्याने गाळले तेही त्या वादातच उघडं पडतं.